गाडीच्या टेपला चालणारा पेन ड्राइव्ह

गीतरामायणात ५६ गीतं आहेत आणि ती क्रमानेच ऐकायची असतात. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत प्रसारित झालं. पुढे वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे गदिमा लिहीत गेले आणि सुधीर फडके चाली बांधत गेले. रामजन्म, स्वयंवर, वनवास, लंका असा तो प्रवास आहे. पण हाच संच पेन ड्राइव्हमध्ये भरून गाडीत लावला, की कितीतरी गाड्यांत पहिल्या गीतानंतर थेट दहावं सुरू होतं. मग अकरावं, बारावं असं करत एकोणिसावं, आणि त्यानंतर दुसरं. काही गाड्यांत तर क्रम असा लागतो की त्याला कुठलाच नियम सापडत नाही. ऐकणारा पेन ड्राइव्हला दोष देतो आणि दुसरा आणतो, जास्त जीबीचा, जास्त महागाचा. क्रम तसाच राहतो. कधी कधी तर नवा पेन ड्राइव्ह गाडी ओळखतच नाही.

दुकानात पेन ड्राइव्ह विकला जातो तो दोन आकड्यांवर: किती जीबी आणि किती वेग. गाडीत गाणी ऐकण्यासाठी हे दोन्ही आकडे जवळजवळ निरुपयोगी आहेत. इथे आधी विचारायचं ते गाडीला. तिला काय वाचता येतं, कुठे अडतं, उन्हात ती किती तापते, हे कळलं की कोणता पेन ड्राइव्ह घ्यायचा हा प्रश्न बहुतेक सुटलेला असतो. उरलेलं काम घरी, संगणकावर, गाणी भरताना करायचं असतं. ते केलं नाही तर चांगल्यातला चांगला पेन ड्राइव्हही वाया जातो.

मोबाइलवर गाणी असताना हा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. घाटात नेटवर्क जातं, गाणं अडकतं, मध्येच फोन येतो आणि नकाशाची बाई मारव्याच्या आलापात वळण सांगते, ही कारणं आहेतच. त्याहून मोठं कारण म्हणजे आपण निवडलेला, आपण लावलेला संग्रह. ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी पेन ड्राइव्हमध्ये टाकता येत नाहीत, कारण ती कुलूपबंद असतात आणि त्या ॲपबाहेर वाजत नाहीत. आपल्या सीडींवरून संगणकावर उतरवलेलं किंवा फाइलच्या रूपात विकत घेतलेलं संगीत मात्र आपलं राहतं, आणि ते गाडीत नेण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग अजूनही पेन ड्राइव्ह हाच आहे.

टेपच्या आतला संगणक

गाडीच्या टेपमध्ये एक छोटा संगणक असतो. त्याचा प्रोग्रॅम कारखान्यात भरला जातो आणि नंतर तो क्वचितच बदलतो. गाडी दहा-पंधरा वर्षं चालते, म्हणजे आज रस्त्यावरच्या अनेक गाड्यांतले टेप दहा वर्षांपूर्वीच्या ज्ञानावर काम करत असतात. लॅपटॉपला जे सहज कळतं ते टेपला कळेलच असं नाही.

पहिली अडचण येते ती पेन ड्राइव्हच्या आतल्या मांडणीची. कोणती फाइल कुठे ठेवली आहे याची नोंद ठेवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करताना जी खिडकी उघडते तिच्यात फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस अशी नावं दिसतात, ती या पद्धतींचीच. यांपैकी फॅट३२ हे १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आलं. ते इतकं साधं आहे की स्वस्तातल्या स्वस्त चिपलाही वाचता येतं, म्हणून जवळजवळ प्रत्येक टेपला ते कळतं. एक्सफॅट २००६ मध्ये आलं. पण त्याचा आराखडा मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी खुला केला तो थेट ऑगस्ट २०१९ मध्ये. तोवर ते वापरायचं तर परवाना घ्यावा लागे. काही रुपयांत हिशोब बसवणाऱ्या टेप बनवणाऱ्यांनी ते टाळलं, यात नवल नाही. एनटीएफएस मुळात संगणकाच्या डिस्कसाठी आहे. काही टेप ते वाचतात, बरेचसे वाचत नाहीत.

आता ३२ हा आकडा लक्षात घ्या. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीपर्यंतच फॅट३२ चा पर्याय देत आली. ही मर्यादा फॅट३२ ची नव्हे, त्या खिडकीची. फॅट३२ स्वतः २ टीबीपर्यंत जाऊ शकतं. पण परिणाम असा झाला की ६४ जीबी आणि त्यापुढचे बरेच पेन ड्राइव्ह कारखान्यातूनच एक्सफॅटमध्ये येऊ लागले. माणूस हौसेने १२८ जीबीचा घेतो, रात्र जागून गाणी भरतो, सकाळी गाडीत लावतो आणि पडद्यावर ‘अनसपोर्टेड’ अशी अक्षरं उमटतात. पेन ड्राइव्ह चांगला असतो, गाडीही चांगली असते, फक्त एकाची भाषा दुसऱ्याला येत नसते. रूफससारखा मोफत प्रोग्रॅम वापरून मोठा पेन ड्राइव्हही फॅट३२ मध्ये फॉरमॅट करता येतो. त्याआधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायला हवं, कारण फॉरमॅट मारला की ते पुसलं जातं.

आणखी एक अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. विंडोज किंवा लिनक्स भरण्यासाठी आधी वापरलेला पेन ड्राइव्ह घरात पडलेला असतो, त्यातच गाणी भरली जातात. अशा पेन ड्राइव्हचे दोन-तीन भाग पाडलेले असतात. टेप बहुधा पहिलाच भाग बघतो आणि तिथे गाणी नसली की ‘नो फाइल’ म्हणून मोकळा होतो. भाग कसे पाडले त्याची नोंद ठेवण्याच्याही दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. टेपसाठी एमबीआर निवडावी आणि सबंध पेन ड्राइव्हचा एकच भाग ठेवावा.

किती जीबी

एमपी३ गाणं १२८ केबीपीएसचं असेल तर मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेतं. ३२० केबीपीएसचं असेल तर २.४ एमबी. म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये ३२० च्या उत्तम दर्जाचं संगीत २२० तासांच्या आसपास मावतं. मुंबईहून सावंतवाडीला जायला दहा तास धरले तर एकही गाणं परत न वाजता वीसेक वेळा जाता येईल. (संगणक ३२ जीबीला २९.८ दाखवतो तेव्हा फसवणूक झालेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.) २००० साली आयबीएमने विकायला आणलेल्या पेन ड्राइव्हची क्षमता ८ एमबी होती, म्हणजे १२८ च्या दर्जाची आठ मिनिटं. तिथून आपण इथवर आलो आहोत, आणि गाण्यांपुरतं पाहिलं तर गरज केव्हाच भागली आहे.

मोठा पेन ड्राइव्ह नुसता अनावश्यक नसतो, तो त्रासही देतो. गाडी सुरू केली की टेप आतले सगळे फोल्डर आणि फाइली एकदा चाळतो. दोन हजार फाइली असतील तर काही सेकंद लागतात, पंधरा-वीस हजार असतील तर जुना टेप मिनिटभर गप्प बसतो, आणि काही टेप दर वेळी गाडी सुरू केली की हे नव्याने करतात. शिवाय किती फोल्डर, एका फोल्डरमध्ये किती गाणी आणि एकूण किती फाइली, याच्या मर्यादा टेपच्या माहितीपुस्तकात दिलेल्या असतात. त्या ओलांडल्या तर टेप तक्रार करत नाही. पुढची गाणी त्याला दिसतच नाहीत, इतकंच. एकाच फोल्डरमध्ये हजार गाणी कोंबणाऱ्याला वाटतं की गाणी उडाली. ती जागच्या जागी असतात, टेपने मोजणं थांबवलेलं असतं.

माझा कौल १६ किंवा ३२ जीबीला आहे, आणि एका मोठ्याऐवजी दोन-तीन छोट्या पेन ड्राइव्हना. एकात शास्त्रीय, एकात नाट्यगीतं आणि भावगीतं, एकात मुलांची गाणी. चालवताना पडद्यावर बोट फिरवत फोल्डर शोधणं धोक्याचं आहे. पेन ड्राइव्ह बदलायचा तर गाडी थांबवूनच बदलला जातो.

वेगाबद्दल थोडक्यात. ३२० केबीपीएसचं गाणं वाजवायला सेकंदाला ४० केबी पुरतात. २००० साली आलेलं यूएसबी २.० व्यवहारात याच्या शेकडो पट वेगाने देऊ शकतं. पाकिटावर ‘१५० एमबी प्रति सेकंद’ असं छापलेल्या पेन ड्राइव्हमुळे गाण्याचा आवाज सुधारत नाही. त्या वेगाचा फायदा घरी गाणी भरताना होतो, तोही लॅपटॉपचं पोर्ट त्या वेगाचं असेल तर.

पोर्टेबल हार्ड डिस्क गाडीत लावू नये. फिरती तबकडी सुरू होताना झटक्यात बराच प्रवाह मागते. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिॲम्पियर द्यावा असा नियम आहे, आणि तो अशा डिस्कला अनेकदा अपुरा पडतो. त्यात वाचणारं टोक तबकडीवर इतक्या बारीक अंतरावर तरंगत असतं की आपल्या रस्त्यांवरचे खड्डे तिला झेपण्यासारखे नाहीत. एसएसडीला खड्ड्यांचं भय नाही, पण गाण्यांसाठी ती फार झाली.

ऊन

गाडीतल्या पेन ड्राइव्हचा खरा शत्रू ऊन आहे, आणि त्याबद्दल दुकानात कोणी अवाक्षर काढत नाही.

पेन ड्राइव्हमधली चिप फ्लॅश मेमरीची असते. तोशिबातले अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती शोधली. पहिला प्रकार त्यांनी १९८४ मध्ये जगापुढे ठेवला आणि आज पेन ड्राइव्हमध्ये असतो तो नँड प्रकार १९८७ मध्ये. तिच्यात कोट्यवधी सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात काही इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. त्यांना वीज लागत नाही, म्हणून पेन ड्राइव्ह खिशात असला तरी गाणी टिकतात. पण ही कोंडी कायमची नाही. इलेक्ट्रॉन अगदी हळूहळू निसटत असतात आणि तापमान वाढलं की निसटण्याचा वेग वाढतो. सुरुवातीच्या चिपमध्ये एका कप्प्यात एक बिट असे, म्हणजे कप्पा ‘भरलेला’ किंवा ‘रिकामा’ एवढंच ओळखावं लागे. स्वस्तात जास्त जीबी देण्यासाठी मग एका कप्प्यात दोन, तीन, चार बिट बसवले गेले. तीन बिटांसाठी भाराच्या ८ पातळ्या वेगळ्या ओळखाव्या लागतात, चारांसाठी १६. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी थोडीशी गळतीही गोंधळ करते. फार स्वस्त आणि फार मोठा पेन ड्राइव्ह उन्हात आधी दगा देतो, त्याचं एक कारण हे आहे.

गाडी किती तापते? स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बंद गाडी उन्हात ठेवली असता आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढलं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. त्यांचा अभ्यास गाडीत राहिलेल्या मुलांना असलेल्या धोक्याचा होता, पण आकडे पेन ड्राइव्हलाही लागू पडतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आतला हिशोब ज्याने त्याने करावा. डॅशबोर्डचा वरचा भाग तर त्याहूनही तापतो. आणि साध्या पेन ड्राइव्हच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा बहुधा ४५ किंवा ६० अंश दिलेली असते. नुसता ठेवायचा असेल तर ७० ते ८५.

म्हणून गाडी उन्हात उभी करायची असेल तर पेन ड्राइव्ह काढून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवावा, किंवा खिशात घ्यावा. आणि दुपारी गाडी उघडल्या उघडल्या तो लावू नये. आधी काचा खाली करून, एसी लावून आतली हवा निवू द्यावी. पोर्ट आर्मरेस्टखाली असेल तर ते भाग्य समजा, तिथे थेट ऊन येत नाही.

नखाएवढा, पोर्टमध्ये जवळजवळ पूर्ण बुडणारा पेन ड्राइव्ह गाडीसाठी सोयीचा वाटतो, आणि एका अर्थी तो आहेच. लांब पेन ड्राइव्ह बाहेर डोकावतो, त्याला गुडघा लागतो, गिअर बदलताना हात लागतो, आणि तरफेसारखा ताण पडून पोर्टच ढिला होतो. पण इवल्या पेन ड्राइव्हमधली उष्णता बाहेर पडायला जागा नसते. वेगवान यूएसबी ३ चे काही छोटे पेन ड्राइव्ह भरताना बोटाला चटका लागेल इतके तापतात. त्यामुळे छोटाच घ्यायचा असेल तर यूएसबी २.० चा, साधा, मंद घ्यावा. गाणी भरायला वेळ लागेल तो लागू दे. मेमरी कार्ड हाही चांगला पर्याय आहे. डॅशकॅमसाठी मिळणारी जास्त टिकाऊ मायक्रोएसडी कार्डं मुळातच उष्ण गाडीत राहण्यासाठी बनवलेली असतात आणि त्यांची मर्यादा बहुधा ८५ अंशांपर्यंत असते. ३२ जीबीचं असं कार्ड छोट्या रीडरमध्ये घालून लावलं की टेपला तो पेन ड्राइव्हच वाटतो. विदर्भात, मराठवाड्यात राहणाऱ्या आणि गाडी दिवसभर उघड्यावर उभी करावी लागणाऱ्या माणसाला मी हाच सल्ला देईन.

‘सारखं वाजवून पेन ड्राइव्ह झिजतो का?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. झीज होते ती लिहिण्याने. टेप फक्त वाचतो, त्यामुळे त्या बाजूने चिंता नाही. झिजतो तो धातूचा जोड. यूएसबीचा जुना, चौकोनी जोड १५०० वेळा लावण्या-काढण्यासाठी प्रमाणित असतो आणि नवा टाइप-सी १०,००० वेळा.

पोर्ट आणि पारख

नव्या गाड्यांत तीन-चार पोर्ट असतात आणि सगळी सारखी दिसतात, पण त्यांतली काही फक्त चार्जिंगची असतात. त्यांना गाण्यांच्या तारा जोडलेल्याच नसतात. विजेची खूण किंवा बॅटरीचं चित्र असेल तर ते चार्जिंगचं. तीन फाट्यांची यूएसबीची खूण किंवा सुराची खूण असेल तिथे पेन ड्राइव्ह लावायचा. टाइप-सीच पोर्ट असेल तर दोन्ही टोकांचा पेन ड्राइव्ह मिळतो. एका बाजूला जुना जोड, दुसऱ्या बाजूला टाइप-सी. मधे ॲडॉप्टर लावण्यापेक्षा तो बरा, कारण खड्ड्यांत हलणारा प्रत्येक जास्तीचा जोड म्हणजे गाणं थांबण्याची एक जास्तीची जागा.

आता खोट्या पेन ड्राइव्हबद्दल. कारण त्यात पैशांपेक्षा गाण्यांचं नुकसान जास्त होतं. पेन ड्राइव्हमध्ये मेमरीच्या चिपबरोबर तिचा कारभार पाहणारी दुसरी चिप असते. संगणकाने ‘तुझ्यात जागा किती?’ असं विचारलं की उत्तर ती देते. भामटे तिच्या प्रोग्रॅममध्ये फेरफार करतात. आत ८ जीबी असतात आणि ती सांगते १२८. पहिली ८ जीबी गाणी व्यवस्थित भरली जातात आणि वाजतातही. पुढची भरताना ती मुकाट्याने आधीच्या गाण्यांवर लिहिते किंवा आलेलं टाकून देते. फाइलींची नावं मात्र सगळी दिसत राहतात. घरी दोन-चार गाणी वाजवून पाहिली तर सगळं ठीक वाटतं. वाटेत कळतं की अर्धी गाणी मुकी आहेत किंवा एकात दुसऱ्याचा तुकडा ऐकू येतोय. मूळ फाइली दुसरीकडे नसतील तर त्या गेल्याच.

किंमत इतरांपेक्षा निम्म्याहून कमी असेल तर संशय घ्यावा. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्यावा. आणि घेतल्या दिवशीच, रिकामा असताना, तपासावा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा जर्मनीत तयार झालेला मोफत प्रोग्रॅम आहे, लिनक्स आणि मॅकवर एफ३. दोन्ही सबंध पेन ड्राइव्ह काठोकाठ भरतात आणि मग लिहिलेलं सगळं वाचून जुळतं का ते बघतात. ३२ जीबीला यूएसबी २.० वर बराच वेळ लागतो. लावून ठेवावं आणि दुसरं काम करावं. खोटेपणा कळण्याचा दुसरा भरवशाचा मार्ग नाही. पाकीट, छपाई, कंपनीचं नाव, सगळ्याची नक्कल होते.

गाणी भरणं

एमपी३ प्रत्येक टेप वाजवतो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत वाढलेल्या या पद्धतीचे परवाने २०१७ मध्ये संपले, त्यामुळे आता ती द्यायला कोणालाच काही खर्च येत नाही. काहीही न गमावणारी फ्लॅक पद्धत नवे टेप वाचतात. पण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ असल्या उंची फाइलींवर त्यांतलेही अनेक अडतात. चालत्या गाडीत टायरचा आणि वाऱ्याचा आवाज इतका असतो की ३२० च्या एमपी३ मध्ये आणि फ्लॅकमध्ये फरक सांगणं अवघड. घरी फ्लॅक जपून ठेवावं आणि गाडीसाठी त्याचं एमपी३ करून घ्यावं, ही मला सगळ्यात शहाणी वाटणी वाटते.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. मैफिलीच्या सीडीवर विलंबित आणि द्रुत असे दोन भाग वेगळे पाडलेले असतात, पण प्रत्यक्षात गाणं अखंड चालू असतं. त्याचे दोन एमपी३ केले की दोघांच्या सांध्यात बारीकशी शांतता येते. कारण एमपी३ आवाजाचे ठरावीक लांबीचे तुकडे करतं. ४४.१ किलोहर्ट्झला एक तुकडा २६ मिलिसेकंदांचा असतो आणि सुरुवातीला-शेवटी रिकामी भर पडते. तंबोरा क्षणभर तुटतो. तबल्याची सम येत असताना ही फट पडली तर ती कानाला फार बोचते. उपाय सोपा आहे. एमपी३ करण्याआधीच ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही भाग जोडून एकच फाइल करावी. तासाभराचा राग ३२० मध्ये १४४ एमबी होतो, जागेची अडचण काहीच नाही. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर टेप त्याच जागेवरून वाजवायला घेतो का, तेवढं मात्र पाहून घ्यावं. घेत नसेल तर लांब फाइली त्या गाडीत सुखाच्या नाहीत.

जुन्या आणि नव्या ध्वनिमुद्रणांच्या आवाजात फार तफावत असते. पन्नाशीच्या दशकातलं भावगीत ऐकायला आवाज वाढवावा आणि लगेच पुढचं नवं चित्रपटगीत अंगावर यावं, असं होतं. एमपी३गेन हा प्रोग्रॅम गाण्याचा दर्जा न बिघडवता, दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी सगळी गाणी एका पातळीवर आणतो. गाणी भरण्याआधी तेवढं केलं की प्रवासात आवाजाच्या बटणाकडे हात जात नाही.

नावांचं मराठी माणसाला जास्त सोसावं लागतं. गाण्याचं नाव, गायक, संग्रह ही माहिती फाइलच्या आतच लिहिलेली असते. तिची पहिली पद्धत १९९६ ची. तिच्यात फाइलच्या शेवटी एकूण १२८ बाइट राखलेले असतात आणि गायकाच्या नावाला ३० मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘भीमसेन जोशी’ हे नाव होतं ३१ बाइटांचं. एका बाइटने मावत नाही! रोमन लिपीत तेच १३ बाइटांत बसतं. नंतरच्या पद्धतीत ही मर्यादा उरली नाही, पण टेपमध्ये देवनागरीचा फॉन्ट असायला हवा आणि वेलांट्या-जोडाक्षरं जुळवणारा प्रोग्रॅमही. तो बहुतेकांत नसतो, मग पडद्यावर चौकोनांची रांग दिसते. मराठी गाण्यांच्या नावांसाठी रोमन लिपी वापरणं जिवावर येतं, तरी आज गाडीसाठी तेच करावं. घरच्या मूळ संग्रहात नावं देवनागरीतच ठेवावीत.

आणि आता क्रम. काही टेप फाइलींची नावं अक्षरानुसार लावतात. त्यांच्या लेखी १ नंतर १० येतं, कारण ते पहिलं अक्षर बघतात, संख्या नव्हे. गीतरामायण तिथे बिघडतं. इंग्रजी अंकांत ०१, ०२ असं ५६ पर्यंत लिहिलं की ते सरळ होतं. शंभराच्या वर फाइली असतील तर ००१ पासून सुरुवात करावी.

दुसऱ्या जातीचे टेप नावं बघतच नाहीत. फॅट३२ मध्ये प्रत्येक फोल्डरची एक यादी असते आणि तिच्यात फाइली ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने नोंदी होतात. शाळेच्या दाखल रजिस्टरात मुलं आली तशी नावं चढतात, तसंच हे. लॅपटॉप आपल्याला ती यादी लावून दाखवतो, टेप आहे तशी वाचतो. मधलं एखादं गाणं पुसलं तर त्याची ओळ रिकामी होते आणि पुढे भरलेलं नवं गाणं त्या रिकाम्या ओळीत बसू शकतं. म्हणून काल टाकलेलं गाणं मध्येच कुठेतरी वाजतं आणि त्या क्रमाला नियम सापडत नाही.

अशा टेपसाठी गाणी थोडी-थोडी काढून-घालून चालत नाही. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून सगळा संच नव्याने, नावांच्या क्रमाने लावून, एकेक फोल्डर पूर्ण करत भरावा. एवढं करायचं नसेल तर फॅटसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्रॅम ती यादीच क्रमवार लावून देतो, गाण्यांना हात न लावता. मॅकवरून भरणाऱ्यांनी आणखी एक करावं. मॅक प्रत्येक गाण्यासोबत त्याच नावाची, पण ठिपका आणि अधोरेषा यांनी सुरू होणारी एक लपलेली फाइल ठेवतो. टेपला ती गाणंच वाटते, तो ती वाजवू बघतो आणि अडखळतो. गाणी भरून झाल्यावर मॅकच्या टर्मिनलमध्ये डॉट-क्लीन ही आज्ञा दिली की त्या साफ करता येतात. आणि कुठल्याही संगणकातून पेन ड्राइव्ह काढताना ‘इजेक्ट’ म्हणूनच काढावा, कारण शेवटच्या काही नोंदी तोवर लिहायच्या राहिलेल्या असू शकतात. गाडीतून काढताना ही भीती नाही.

आपल्या टेपची जात कोणती हे ओळखायला एक छोटा प्रयोग पुरतो. रिकाम्या, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर तीन गाणी मुद्दाम उलट क्रमाने भरा: आधी ०३, मग ०२, मग ०१. गाडीत ०१ आधी वाजलं तर टेप नावं बघतो. ०३ आधी वाजलं तर तो भरलेला क्रम बघतो. क्रम या दोन्हींपेक्षा वेगळाच लागला, तर टेप आतल्या माहितीतला ट्रॅक क्रमांक वाचत असण्याची शक्यता जास्त, मग एमपी३टॅगसारख्या प्रोग्रॅममध्ये तो क्रमांक भरावा लागेल. नवी गाडी घ्यायची असेल तर ही तीन गाणी, एक फ्लॅक, एक तासाभराचा राग आणि देवनागरी नावाची एक फाइल असा पेन ड्राइव्ह टेस्ट ड्राइव्हलाच बरोबर न्यावा. विक्रेता मायलेज सांगत असतो, तेवढ्या वेळात टेपची सगळी परीक्षा होते.